बाष्पज्वालक स्टोव्ह

बाष्पज्वालक स्टोव्ह : रॉकेल, पेट्रोल किंवा स्पिरिट यांसारख्या द्रव इंधनाची आधी वाफ करून, ती हवेत मिसळून जाळणारी शेगडी. महाराष्ट्रात तिला नुसते ‘स्टोव्ह’ म्हणत. वातीच्या स्टोव्हपासून वेगळा सांगायचा असेल तर ‘पंपाचा स्टोव्ह’, ‘आवाजाचा स्टोव्ह’ किंवा ‘प्रायमस’. प्रायमस हे मूळचे एका स्वीडिश कारखान्याच्या मालाचे नाव, पण आपल्याकडे कोणत्याही कंपनीचा पितळी स्टोव्ह प्रायमसच म्हणवला जाई. चाळीतल्या एका खोलीच्या संसारापासून ध्रुवप्रदेशातल्या तंबूपर्यंत एकाच रचनेचे यंत्र पोचले, असे उदाहरण घरगुती वस्तूंमध्ये फारसे नाही.

तत्त्व : रॉकेल वातीवर जाळले की पिवळी ज्योत मिळते. तो पिवळेपणा म्हणजे अर्धवट जळालेल्या कार्बनचे तापून चकाकणारे कण होत. दिव्याला तो उजेड हवाच असतो. स्वयंपाकाला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण तेच कण भांड्याच्या बुडाला काजळी होऊन बसतात आणि त्यांच्यातली उष्णता वाया जाते. इंधनाची पूर्ण वाफ करून ती जळण्याआधीच भरपूर हवेत मिसळली तर ज्योत निळी होते, काजळी धरत नाही आणि आच कितीतरी कडक मिळते. अडचण एकच. रॉकेल हे हलक्या-जड घटकांचे मिश्रण आहे आणि ते साधारण 150 ते 300 अंश सेल्सिअस या पट्ट्यात उकळते. म्हणजे जाळण्याआधी ते तेवढे तापवायला हवे, आणि तेही सतत, थेंबाथेंबाने.

बाष्पज्वालकाने हा प्रश्न सोडवला तो ज्योतीलाच कामाला लावून. इंधन ज्या नळीतून जळण्याच्या जागी येते, ती नळीच ज्योतीतून फिरवलेली असते. आत्ता जळणारी वाफ पुढच्या वाफेची सोय करते. एकदा हे चक्र सुरू झाले की बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही. स्टोव्हच्या वागण्यातले जवळजवळ सगळे गुणदोष या एका गोष्टीतून निघतात: पेटवताना काकडा का लागतो, आवाज का येतो, पिन का मारावी लागते आणि भडका का उडतो.

रचना : खाली पितळी टाकी, तिला तीन पाय, पायांच्या टोकांवर भांडे ठेवण्याची लोखंडी कडी. टाकीच्या अंगाला तीन गोष्टी असतात: रॉकेल ओतण्याचे झाकण, हवा भरण्याचा पंप आणि हवा सोडण्याची चावी. बऱ्याच स्टोव्हमध्ये चावी झाकणातच बसवलेली असते. टाकीच्या मधोमध उभी नळी, तिच्यावर बर्नर, आणि बर्नरच्या गळ्याशी स्पिरिटची वाटी.

पंपाने टाकीतल्या मोकळ्या जागेत हवा दाबून भरली की ती हवा रॉकेलला उभ्या नळीतून वर ढकलते. रॉकेल बर्नरच्या तापलेल्या डोक्यात जाते, तिथे त्याची वाफ होते, ती वाफ बाजूच्या नळीने पुन्हा खाली येते आणि निपलच्या, म्हणजे वाफ सोडणाऱ्या छोट्या पितळी तोटीच्या, केसाएवढ्या भोकातून जोरात वर उडते. उडताना ती भोवतालची हवा आपल्याबरोबर ओढून घेते. वरच्या पोलादी तबकडीवर आपटून हे मिश्रण चहूबाजूंना पसरते आणि निळ्या कड्यासारखे जळते. ओळखीचा भर्रर्र आवाज येतो तो या झोताच्या खळबळीचा. बिनआवाजाच्या बर्नरमध्ये तबकडीऐवजी बारीक भोकांची दुहेरी टोपी असते. झोत तिच्या आत शांत होतो आणि भोकाभोकावर लहान निळ्या ज्योती दिसतात. तो कमी आचेवर चांगला चालतो, पण घाणीला फार नाजूक. आवाजाचा बर्नर मात्र वाऱ्यातही तग धरतो आणि मळकट रॉकेलही चालवून घेतो. रस्त्यावरच्या चहावाल्याने आवाजाचाच स्टोव्ह पसंत केला, यात नवल नाही.

पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वॉशर असतो आणि पंपाच्या तळाशी एकेरी झडप. वॉशर कोरडा पडून आकसला की पंप पोकळ चालतो, हवा भरतच नाही. त्यावर उपाय म्हणजे दांडा बाहेर काढून वॉशरच्या कडा बोटांनी फाकवायच्या, तेलाचे दोन थेंब द्यायचे आणि पुन्हा बसवायचा. खालची झडप गळू लागली तर उलटी गंमत दिसते: दाबलेला दांडा आपसूक वर येतो आणि मागोमाग पंपातून रॉकेल झिरपते. तसा स्टोव्ह पेटवू नये.

साध्या प्रायमसला ज्योत कमीजास्त करण्याची वेगळी चावी नसते. आच वाढवायची तर पंप मारायचा, कमी करायची तर चावी किंचित सैल करून थोडी हवा सोडायची. विझवायचा तर चावी पूर्ण सोडायची: दाब गेला की रॉकेल वर चढायचे थांबते. पूर्ण आचेवर असा एक बर्नर ताशी साधारण पाव लिटर रॉकेल घेतो.

पेटवण्याची रीत : थंड बर्नरमध्ये रॉकेलची वाफ होऊ शकत नाही, म्हणून पहिली उष्णता बाहेरून द्यावी लागते. वाटीत स्पिरिट ओतून ते पेटवतात, किंवा स्पिरिटमध्ये वा रॉकेलमध्ये भिजवलेला काकडा बर्नरच्या गळ्याला चिमट्यासारखा अडकवतात. या वेळी चावी उघडी हवी. काकडा विझत आला की चावी बंद करून चार-पाच हलके दट्टे मारायचे. निपलमधून आलेली वाफ उरल्यासुरल्या ज्योतीवर पेट घेते आणि आवाज सुरू होतो. आवाज स्थिर झाला, बर्नर चांगला तापला, की मगच जोराने हवा भरायची.

घाई केली तर वाफेऐवजी द्रव रॉकेलच निपलमधून उडते आणि हातभर उंच, पिवळी, धुराने भरलेली ज्वाला उठते. भडका म्हणतात तो हाच. त्यावर एकच योग्य कृती आहे: चावी सोडणे. पंप मारत राहिल्याने तो आवरत नाही, वाढतो.

रॉकेलमधला कचरा आणि तापलेल्या नळीत साठलेला कार्बन निपलचे भोक बुजवतो. मग आवाज फाटका होतो, ज्योत एका बाजूला झुकते. पत्र्याच्या पट्टीला डाखलेली बारीक तार म्हणजे स्टोव्हची पिन. ती भोकात खालीवर करून कार्बन काढतात. पेटत्या स्टोव्हला पिन मारली की ज्योत बहुधा विझते आणि डोळ्यांना झोंबणारी पांढरी वाफ सुटते. ती लगेच काडी लावून पेटवावी लागते, नाहीतर बर्नर थंड होऊन सगळे पहिल्यापासून करावे लागते. पिन आत मोडली तर निपलच बदलावा लागे. किराणा दुकानात पिनांची पाकिटे टांगलेली असत, आणि बाजारपेठेत स्टोव्ह दुरुस्त करणारा माणूस असे: जुने निपल, वॉशर, झडपा आणि डाखकाम एवढ्यावर त्याचे घर चाले.

आवाजावरून दाब ओळखणे, ज्योतीच्या रंगावरून बर्नरचे तापमान जोखणे, वॉशर बदलणे ही सगळी यंत्रचालकाची कौशल्ये आहेत. ती लाखो बायकांनी कुणी न शिकवता आत्मसात केली आणि रोज दोन वेळा वापरली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात त्यांची नोंद फारशी झालेली नाही. ती व्हायला हवी.

इतिहास : द्रव इंधनाची वाफ जाळण्याची कल्पना प्रायमसच्या आधीची आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेट्रोलवर चालणाऱ्या बाष्पशेगड्या विकल्या जात. त्यांची टाकी बर्नरपेक्षा उंचावर असे आणि इंधन आपल्या वजनाने खाली येई. उन्हाळ्यात कोळशाची चूल पेटवायला नको, म्हणून लोक त्या घेत. पण पेट्रोल साध्या तापमानालाही पेटाऊ वाफ सोडते, त्यामुळे या शेगड्यांनी आगीही पुष्कळ लावल्या.

पुढचे पाऊल स्वीडनमध्ये पडले. कार्ल रिचर्ड न्यूबर्ग याने 1880च्या दशकात डाखकामासाठी हातात धरण्याचा फुंकदिवा तयार केला. त्यात इंधनाची नळी ज्योतीनेच तापे. स्टॉकहोममधला कारागीर फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट (1862–1931) याने हेच तत्त्व उभ्या शेगडीला लावले आणि 1892 साली बिनकाजळीचा रॉकेल स्टोव्ह सिद्ध केला; तोच प्रायमस. त्याच्या सुधारणेचे मर्म इंधनाच्या निवडीत आणि दाबात आहे. पेट्रोलऐवजी त्याने रॉकेल घेतले. ते जड, म्हणून त्याला अधिक उष्णता आणि ढकलायला दाब लागतो. पण तेच सांडले तर सहज पेट घेत नाही. टाकी बर्नरच्या खाली आली, पंप आला, आणि हवा सोडली की स्टोव्ह विझतो ही मोठी सोय आपोआप मिळाली. लिंडक्विस्टने जे. व्ही. स्वेन्सन याच्या भागीदारीत कारखाना काढला, पुढे बी. ए. योर्थ आणि कंपनीने हा माल जगभर नेला. ऑप्टिमस, रेडियस यांसारखे स्वीडिश प्रतिस्पर्धीही लवकरच उभे राहिले.

नॉर्वेचा फ्रिडट्योफ नान्सेन 1895 मध्ये ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे पायी निघाला तेव्हा त्याच्या घसरगाडीवर प्रायमस होता. ज्योतीभोवती भांडी अशी रचलेली की आत अन्न शिजताना बाहेरच्या कड्यात बर्फ वितळे; ध्रुवप्रवासात पाणी मिळवायलाही इंधन जाळावे लागते. 1897 साली बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघालेली सालोमन आंद्रे याची स्वीडिश तुकडी परतली नाही. 1930 मध्ये क्वितोया बेटावर तिचे अवशेष सापडले, त्यांत प्रायमसही होता. बंद तंबूत जळणाऱ्या स्टोव्हच्या कार्बन मोनॉक्साइडने ते गेले असावेत, हा त्यांच्या मृत्यूविषयीच्या अनेक तर्कांपैकी एक आहे. तर्क खरा असो वा नसो, धोका खरा आहे: हवा कमी पडली तर निळ्या ज्योतीचा स्टोव्हही हा वास नसलेला विषारी वायू सोडतो. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेतही प्रायमस होते.

याच तत्त्वावर जर्मनीत पेट्रोमॅक्स दिवा निघाला. त्यात रॉकेलच्या वाफेची ज्योत मेंटलला (तापल्यावर चकाकणाऱ्या जाळीच्या पिशवीला) तापवून पांढराशुभ्र उजेड देते. वरातीत डोक्यावर धरलेली, यात्रेतल्या तमाशाच्या फडात टांगलेली गॅसबत्ती म्हणजे प्रायमसचेच भावंड.

भारतात : शहरांत सरपण आणि कोळसा महाग, जागा अपुरी आणि धूर शेजाऱ्याला नकोसा; त्यामुळे मुंबई-पुण्यात स्टोव्ह लवकर रुजला. मुंबईत सिलिंडरचा गॅस 1950च्या दशकात आला तरी तो बहुसंख्य घरांत पोचायला कित्येक दशके गेली. तोवर सकाळचा चहा आणि आंघोळीचे पाणी स्टोव्हवर होई. रॉकेल रेशनवर मिळे आणि त्यासाठी कॅन घेऊन रांग लावावी लागे. भेसळ ओळखू यावी म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग देत. पंपाच्या आणि वातीच्या स्टोव्हसाठी भारतीय मानके ठरली. वातीच्या स्टोव्हमध्ये इंडियन ऑइलचा ‘नूतन’ 1970च्या दशकापासून गाजला. तो मंद, पण शांत आणि पेटवायला सोपा असल्याने अनेक घरांत पंपाचा स्टोव्ह मागे पडला.

अपघात आणि गुन्हा : जळत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल भरणे, बर्नर न तापताच पंप मारणे, सैल निपल आणि रॉकेलऐवजी पेट्रोल ही अपघाताची नेहमीची कारणे. जमिनीवर ठेवलेला स्टोव्ह आणि नायलॉनच्या साडीचा पदर हा संयोग विशेष घातक ठरला.

पण स्टोव्हचे नाव आणखी एका कारणाने काळे झाले. 1970 आणि 80 च्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी वारंवार छापून येई, आणि त्यांतले कितीतरी मृत्यू हुंड्यासाठी केलेले खून किंवा छळाला कंटाळून झालेल्या आत्महत्या होत्या. वर सांगितलेली रचना पाहिली की स्त्रीसंघटनांचा संशय रास्त होता हे कळते. भडका निपलमधून वर उडतो. तो हात, तोंड, पदर भाजतो. टाकी शाबूत, घरातले बाकी कोणी भाजलेले नाही आणि बाई मात्र डोक्यापासून रॉकेलने भिजलेली, याचा खुलासा बर्नर देऊ शकत नाही. आंदोलनांच्या रेट्याने भारतीय दंड संहितेत 1983 मध्ये विवाहितेच्या सासरी होणाऱ्या छळासाठी कलम 498अ आणि 1986 मध्ये लग्नानंतर सात वर्षांच्या आत होणाऱ्या हुंडाबळीसाठी कलम 304ब आले. स्टोव्हवरची कोणतीही नोंद हा भाग वगळून पूर्ण होत नाही.

सद्यस्थिती : 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस खेड्यापाड्यांत पोचला आणि रेशनचे रॉकेल झपाट्याने आटले. घरगुती स्टोव्ह आता माळ्यावर किंवा मोडीत गेला आहे. बाष्पज्वालक मात्र जिवंत आहे. कडक थंडीत गॅसच्या छोट्या डब्यांचा दाब पडतो, तिथे गिर्यारोहक आजही पंपाचा, अनेक इंधने चालणारा स्टोव्ह नेतात.

सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ज्वालकावर वेगळ्या दिशेने काम केले. त्यांनी साधारण निम्मे पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारा दाबाचा स्टोव्ह बनवला. गोड ज्वारीच्या रसापासून काढलेले असे पातळ इथेनॉल ऊर्ध्वपातनाचा खर्च वाचवते, आणि पाण्यामुळे भडक्याची भीतीही कमी होते. त्याच संस्थेच्या ‘लॅनस्टोव्ह’मध्ये गॅसबत्ती आणि शेगडी एकत्र आणली आहे: मेंटल उजेड देतो आणि त्याच्याच उष्णतेवर वर ठेवलेले अन्न शिजते.