राउटर बंद-चालू केला तरी आयपी का बदलत नाही?

एखाद्या साइटने ब्लॉक केलं, गेमच्या सर्व्हरने बॅन केलं, किंवा सारखं सारखं ट्रॅफिक सिग्नलचे फोटो ओळखायला लावले की कुणीतरी सांगतंच, राउटर पाच मिनिटं बंद ठेव, आयपी (इंटरनेटवरचा तुझा पत्ता) बदलेल. सल्ला खोटा नाहीये, काही कनेक्शनवर तो आजही चालतो. पण आपल्याकडे कितीतरी घरांत राउटर रात्रभर बंद ठेवला तरी सकाळी बाहेर तोच आयपी दिसतो आणि मग लोक राउटरला शिव्या घालतात. राउटरचा त्यात काहीच दोष नसतो. बाहेर दिसणारा तो पत्ता मुळात तुमच्या घराचा नसतोच.

हे स्वतः बघता येतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (काही राउटरवर १९२.१६८.०.१ असतं, नाहीतर राउटरच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं), लॉगिन करा आणि स्टेटसच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, शोधा. तो लिहून घ्या. मग दुसऱ्या टॅबमध्ये व्हॉट इज माय आयपी सर्च करा आणि तिथला आकडा शेजारी लिहा. दोन्ही सेम असतील तर तुमच्याकडे खरा पब्लिक आयपी आहे. वेगळे असतील आणि राउटरवरचा १०.काहीतरी किंवा १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे तुमच्यासारखे अनेक ग्राहक एकच पब्लिक आयपी वाटून वापरताय.

ही वेळ का आली त्याचं कारण १९८१ सालचं आहे. तेव्हा ठरलेल्या आयपीव्ही४ मध्ये पत्ता ३२ बिटचा, म्हणजे सगळे मिळून ४२९ कोटी पत्ते, आणि तेव्हा ते कधी संपतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे पाच विभागीय संस्थांना वाटून टाकले आणि एप्रिल २०११ मध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाच्या एपनिकने रेशनिंगच सुरू केलं, त्या शेवटच्या साठ्यातून एका कंपनीला जास्तीत जास्त १०२४ पत्ते. आपल्याकडे घरोघरी फायबर आलं ते बहुतेक त्यानंतर. आता तालुक्याच्या गावात दहा हजार कनेक्शन देणाऱ्या केबलवाल्याकडे हजारभर पत्ते असतील तर तो करणार काय, वाटूनच देणार ना.

हे वाटप पोर्टच्या जिवावर चालतं. आयपी म्हणजे इमारतीचा पत्ता धरला तर पोर्ट म्हणजे आतल्या खोल्यांचे नंबर. प्रत्येक आयपीला ६५,५३६ पोर्ट असतात. तुम्ही व्हिडिओ लावला की कंपनीचं मशीन तुमच्या पॅकेटवरचा (डेटाच्या तुकड्यावरचा) आतला पत्ता काढून तिथे पब्लिक आयपी आणि एक मोकळा पोर्ट नंबर टाकतं, आणि आपल्या टेबलमध्ये नोंद करतं की अमुक पोर्टवर आलेलं उत्तर अमुक घराला द्यायचं. शेजारच्या गल्लीतलं घरही त्याच आयपीवरून बाहेर जातं, फक्त पोर्ट वेगळे. या आतल्या पत्त्यांसाठी २०१२ मध्ये १००.६४ पासूनचे साधारण ४२ लाख पत्ते मुद्दाम राखून ठेवले गेले.

म्हणून राउटर रिस्टार्ट केला की फार तर तो आतला १००.काहीतरी बदलतो, पण बाहेर जाणारा पत्ता ते मशीन ठरवतं आणि ते शक्यतो एका ग्राहकाला एकाच पब्लिक आयपीला बांधून ठेवतं, कारण मधेच आयपी बदलला तर बऱ्याच साइट्स आणि ॲप गोंधळतात. त्या आयपीवरून दुसऱ्याच कुणी स्पॅम पाठवला तर कॅप्चा (ती फोटो ओळखायची कोडी) तुम्हाला सोडवावे लागतात, आणि हे मला खरंच अन्यायाचं वाटतं. घरचा सीसीटीव्ही बाहेरून बघता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं (म्हणजे अमुक पोर्टवर बाहेरून आलेलं कॅमेऱ्याकडे पाठव असं सांगितलं) तरी चालत नाही, तेही यामुळेच, कारण बाहेरून आलेली विनंती कुठल्या घराची हे त्या टेबलमध्ये लिहिलेलंच नसतं.

आता पब्लिक आयपी असेल तर काय? कनेक्शन पीपीपीओईवर असेल, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकलेला असेल, तर रिस्टार्टनंतर नवं सेशन सुरू होतं आणि साठ्यातला मोकळा असेल तो पत्ता मिळतो, त्यामुळे बदलायची शक्यता चांगली असते. डीएचसीपीवर असेल, म्हणजे पासवर्डशिवाय पत्ता आपोआप मिळत असेल, तर तो पत्ता ठरावीक मुदतीच्या लीजवर मिळतो, निम्मी मुदत झाली की राउटर स्वतःच ती वाढवून मागतो, आणि राउटर बंद होऊन परत आला तरी कंपनीचा सर्व्हर त्याचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक मशीनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ओळखून शक्यतो जुनाच पत्ता देतो. तिथे पाच मिनिटांनी काही होत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये मॅक क्लोन करून मॅक बदलला तर सर्व्हरला वाटतं नवीन मशीन आलं, मग वेगळा पत्ता मिळतो. पण काही कंपन्या कनेक्शन एकाच मॅकला बांधून ठेवतात आणि तो बदलला तर नेटच बंद पडतं, म्हणून जुना मॅक आधी लिहून ठेवा.

आयपीव्ही६ चं गणितच वेगळं. पत्ता १२८ बिटचा, पहिला अर्धा भाग कंपनीने घराला दिलेला आणि मागचा अर्धा मोबाईल-लॅपटॉप स्वतः बनवतो, तोही प्रायव्हसीसाठी साधारण रोज नवा. म्हणजे इथे आयपी न मागताच बदलत राहतो. मात्र पहिला अर्धा भाग सगळ्या घराला कॉमन असतो, त्यामुळे ब्लॉक करणारा तेवढाच भाग ब्लॉक करतो आणि अख्खं घर अडकतं.

व्हीपीएन (आपलं ट्रॅफिक दुसऱ्याच सर्व्हरमार्गे पाठवणारी सेवा) लावला तर साइटला व्हीपीएन सर्व्हरचा आयपी दिसतो, लगेच. पण आयपी बदलला म्हणजे आपण गायब झालो असं समजू नका. कुठला पत्ता आणि पोर्ट कधी कुणाला दिला याच्या नोंदी कंपनीकडे असतात आणि एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनाही ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलंय, त्यावरून काही मोठ्या कंपन्यांनी आपले सर्व्हर भारताबाहेर हलवले.

केबलवाल्याला फोन कराल तेव्हा नुसतं आयपी बदलून द्या म्हणू नका. मी सीजीनॅटमागे आहे का, आयपीव्ही६ चालू आहे का, आणि पब्लिक आयपीचे महिन्याला किती, हे तीन प्रश्न विचारा. आणि तो स्टॅटिक आयपी देतो म्हणाला तर लक्षात ठेवा, स्टॅटिक म्हणजे कधीच न बदलणारा. कॅमेऱ्यासाठी तो उत्तम, पण बॅन चुकवायचा असेल तर एकदा बदलून मिळेल आणि मग तोच कायमचा.