बोटीतील इंधन व पाण्याच्या नळ्या : साहित्याची निवड

यंत्रावर चालणाऱ्या बोटीत टाकीतून इंजिनाकडे इंधन, बाहेरून इंजिनाकडे थंडाव्याचे पाणी आणि मोठ्या बोटीत पिण्या-वापरण्याचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या कोणत्या पदार्थाच्या असाव्यात, याचा निर्णय. या विषयावरचे बहुतेक नियम समुद्र डोळ्यांसमोर ठेवून झाले आहेत. तिथे धातू खाणारे खारे पाणी हा मुख्य प्रश्न. नागपूर परिसरातील बोटी मात्र रामटेकजवळचा खिंडसी तलाव, पेंच जलाशय, शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द अशा गोड्या पाण्यावर चालतात. इथे नळीचे आयुष्य ठरते ते ऊन, पेट्रोलमधले इथेनॉल आणि बोट किती महिने नुसती उभी राहते यावर.

इंधनाच्या नळ्या : काळे रबर दिसायला सारखेच असते, गुणांत नाही. पेट्रोल-डिझेलला नायट्राइल रबर तोंड देते, पण उन्हाने आणि ओझोनने ते तडकते. म्हणून चांगल्या इंधननळीत आतून नायट्राइल, मध्ये धाग्यांची वीण आणि बाहेरून निओप्रीनसारखे हवामान सोसणारे आवरण असे थर असतात. ईपीडीएम रबराचे नेमके उलटे आहे. ऊन, वाफ, गरम पाणी यांना ते दाद देत नाही. पेट्रोल-डिझेल लागले की मात्र फुगते आणि मऊ पडते. गाडीच्या रेडिएटरची नळी बहुधा ईपीडीएमचीच असते, त्यामुळे तिचा उरलेला तुकडा टाकीला जोडणे हा घातक जुगाड ठरतो. सिलिकोन उष्णतेत टिकते, पण त्यातून पेट्रोल पाझरते. पारदर्शक पीव्हीसी नळी स्वस्त आणि आतले इंधन दिसते म्हणून मेकॅनिक मंडळींना आवडते. पेट्रोल मात्र तिच्यातले मऊपणा देणारे द्रव्य ओढून घेते, नळी पिवळी व कडक होते आणि निप्पलवरची (नळी जिच्यावर चढवतात त्या जोडतोटीवरची) पकड सुटते. दुचाकीवर गळती झाली तर थेंब रस्त्यावर पडतो. बोटीत तो तळाशी साचतो, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तीही तिथेच दबा धरून बसते. दुचाकीचा पाइप बोटीला चालणार नाही, यामागचे मुख्य कारण हेच.

म्हणून बोटीच्या नळीवर छापलेला प्रकार वाचावा लागतो. एसएई जे१५२७ या अमेरिकी मानकातील ‘ए’ प्रकारची नळी आगीत अडीच मिनिटे टिकते, ‘बी’ प्रकाराची तशी चाचणी नसते. पुढचा आकडा पाझराचा. ‘१’ वर्गाच्या नळीतून चाचणी-इंधन दर चौरस मीटर पृष्ठभागामागे २४ तासांत १०० ग्रॅमपर्यंत, ‘२’ वर्गातून ३०० ग्रॅमपर्यंत पाझरलेले चालते. ‘ए१-१५’ लिहिलेल्या नळीला मर्यादा १५ ग्रॅमचीच. आंतरराष्ट्रीय पातळीवर आग सोसणाऱ्या नळीसाठी आयएसओ ७८४० हे मानक आहे. पाझराचे हे आकडे २३ अंश सेल्सिअसला मोजलेले असतात, हे नागपुरात विसरून चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, इंजिनाच्या बंद पेटीत त्याहून वर. तापमान वाढले की पाझरही वाढतो. नेहमी भरलेल्या नळीसाठी इथे ‘ए१’पेक्षा कमी काही घेऊ नये.

डिझेलला आग सहज लागत नाही, हा दिलासाही या उन्हात अपुरा पडतो. भारतीय मानक आयएस १४६० नुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते तो बिंदू) किमान ३५ अंश असावा लागतो. म्हणजे मानकात बसणारे डिझेलही विदर्भातल्या दुपारी ठिणगीने पेटेल इतकी वाफ सोडू शकते. डिझेलच्या नळीलाही म्हणूनच आग सोसणारा प्रकार हवा.

दुसरी अडचण इथेनॉलची. देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आहे, पण अनेक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनांचे उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉलने जुने नायट्राइल फुगते, आतला थर सुटून त्याचे कण फिल्टर आणि कार्ब्युरेटरमध्ये जातात. इथेनॉल पाणीही ओढते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. अशा इंधनासाठी आतून फ्लोरोरबराचा किंवा पाझर अडवणाऱ्या प्लास्टिकचा थर असलेली नळी योग्य. महाग असते, पण छोट्या बोटीला ती लागते दोन-तीन मीटरच. तेवढ्यात काटकसर कसली करायची? इंधन इंजिनापर्यंत आणण्यासाठी हाताने दाबायचा प्रायमर बल्बही (नळीतला रबरी फुगा) त्याच दर्जाचा हवा, हे सहसा राहून जाते.

धातू : तांब्याची नळी पेट्रोलला चालते, पण कंपनाने कडक होऊन तिला चीर जाते, म्हणून इंजिनाजवळचा शेवटचा तुकडा लवचीक नळीचा ठेवतात. डिझेलमध्ये तांबे ऑक्सिडीकरणाला चालना देते आणि चिकट गाळ तयार होतो. जस्त चढवलेला जीआय पाइप डिझेलसाठी टाळतात, कारण जस्ताची डिझेलमधील आम्लांशी क्रिया होऊन फिल्टर तुंबवणारे साबणासारखे क्षार बनतात. ॲल्युमिनियमच्या टाकीला पितळी निप्पल थेट बसवू नये, मध्ये स्टेनलेस स्टीलचा तुकडा घालावा. गोड्या पाण्यात गंज हळू चढतो, एवढाच फरक.

पाण्याच्या नळ्या : इंजिनाकडे पाणी ओढणाऱ्या नळीत तारेचे वेटोळे असावे लागते, नाहीतर पंपाच्या ओढीने ती चपटी होते. जलकुंभीने जाळी तुंबली की ही ओढ आणखी वाढते. पाणरेषेखालच्या प्रत्येक जोडाला, निप्पल पुरेसे लांब असेल तर, दोन स्टेनलेस क्लिपा लावतात.

पिण्याच्या पाण्यासाठी खाद्यदर्जाची, शक्यतो अपारदर्शक नळी घ्यावी. पारदर्शक नळीत उजेड शिरतो आणि शेवाळ धरते. घराच्या नळकामात सर्रास दिसणारा सीपीव्हीसी पाइप गरम पाणी सोसतो, पण तो ताठ असतो आणि चिकटवलेले जोड कंपनाने सुटू शकतात. बोटीला त्याहून पेक्स ही पॉलिथिलीनची वाकणारी नळी बरी, फक्त ती उन्हात उघडी ठेवू नये. पॉलिथिलीनच्या भिंतीतून पेट्रोलची वाफ आत शिरून पाण्याला वास येतो, त्यामुळे पाण्याची नळी इंधनाच्या नळीला बांधून नेत नाहीत. इंधनगळती होऊ शकते त्या पेटीतून तर नाहीच.

तपासणी : शहरात सप्टेंबर २०२३ मध्ये पूर आला तेव्हा लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. बचावाच्या अशा बोटी वर्षातला बराच काळ उभ्याच असतात, आणि उभ्या बोटीत जुने पेट्रोल नळीला आतून खाते, ऊन बाहेरून. पावसाळ्यापूर्वी नळी वाकवून चिरा पाहाव्यात. कोरडे फडके नळीवरून फिरवून हुंगावे; फडक्याला पेट्रोलचा वास आला तर नळी बाहेरून कोरडी दिसली तरी बदलावी. नळीवर उत्पादनाचे वर्ष असेल तर तेही पाहावे, कारण दुकानात वर्षानुवर्षे पडलेली नळी ‘नवी’ म्हणून विकली जाते. शेडमध्ये ठेवलेल्या बोटीत उंदरांनी कुरतडलेली नळी सापडणे हेही काही नवल नाही, आणि यावर कुठलेही मानक नाही.