‘सा म्हणजे सी’ हे कितपत खरं?

‘सा म्हणजे सी, रे म्हणजे डी, ग म्हणजे ई’ असा आपले स्वर आणि पाश्चात्त्य संगीतातली स्वरांची अक्षरं जोडणारा तक्ता नवशिक्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. सी, म्हणजे आपली पांढरी एक (पेटीवर सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजतात, त्यातली पहिली पांढरी), सा धरली तर सातही शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. शिकवायला हे सोपं, म्हणून तक्ता रुळला.

पण अक्षर ठरावीक पट्टीचं नाव आहे. पियानोच्या 88 पट्ट्यांवर ए ते जी ही सात अक्षरं पुन्हापुन्हा येतात. सप्तक ओळखायला पुढे आकडा लागतो, आणि तो ए पाशी नव्हे, सी पाशी बदलतो. मधला सी म्हणजे सी4. ए4 ची कंपनसंख्या सेकंदाला 440 धरतात, ए5 ची 880. सा मात्र गाणाऱ्याच्या गळ्यानुसार ठरतो. अनेक गायिका काळी चार घेतात, तेव्हा पंचम, म्हणजे प, काळी दोनवर येतो.

पेटीवर पडताळा घ्या. पांढरी दोन सा धरा, रे पांढरी तीनवर मिळेल. पुढची पांढरी चार दाबलीत तर कोमल गंधार, म्हणजे उतरलेला ग, ऐकू येईल. शुद्ध गंधार शेजारच्या काळी तीनवर आहे.