इक्विटेबल मॉर्गेज

मिळकतीचे मूळ दस्त तारणाच्या हेतूने कर्ज देणाऱ्याच्या ताब्यात दिल्याने होणारे गहाण. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ (एफ) मध्ये त्याची व्याख्या आहे. असे गहाण ठरावीक शहरांतच करता येते; त्यांतली कलकत्ता, मद्रास व मुंबई ही शहरे कायद्याने नाव घेऊन सांगितली. बाकीची शहरे राज्य सरकारे जाहीर करतात. दस्त कुठे सुपूर्द झाले एवढेच इथे पाहतात, म्हणून सांगलीतल्या कारखान्याचे गहाण मुंबईतल्या शाखेत होऊ शकते.

गहाणखत लागत नाही. दस्त दिले आणि हेतू तारणाचा होता, एवढे पुरते. पण बँकेच्या वकिलाचा कस लागतो तो इथेच. कर्जदार शाखेत येऊन खरेदीखत, सूची क्रमांक २ (दस्तनोंदणीचा उतारा), आधीच्या मालकांचे दस्त अधिकाऱ्याच्या हाती देतो. त्यानंतर, बहुधा दुसऱ्या दिवशी, बँक आपल्या दप्तरी ‘मेमोरँडम ऑफ एंट्री’ लिहिते: ‘अमुक यांनी काल शाखेत येऊन पुढील दस्त दिले.’ क्रियापद भूतकाळी, आणि सही बँकेच्या अधिकाऱ्याची. झालेल्या गोष्टीचे हे नुसते टिपण असते, म्हणून त्याला नोंदणी लागत नाही. उलट गहाणाचा करारच त्या कागदात उतरला, तर नोंदणी सक्तीची होते आणि बिननोंदणीच्या कागदावर गहाण सिद्ध करता येत नाही. युनायटेड बँक ऑफ इंडिया विरुद्ध लेखराम सोनाराम (१९६५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न तपासला. ज्येष्ठ वकील या टिपणाच्या मसुद्यातला शब्दन् शब्द वाचतात, आणि ते योग्यच आहे; कर्ज बुडते तेव्हा बँकेच्या हाती हाच कागद उरतो.

महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) दाखल करावी लागते. पूर्वी मिळकतीवरच्या बोज्याचा शोध घेणाऱ्याला निबंधकाच्या दप्तरात याचा मागमूस लागत नसे.

कर्ज थकले तर सरफेसी कायदा, २००२ खाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, दावा न लावता ताब्याची कारवाई करू शकते. शेतजमिनीवरच्या तारणाला मात्र हा कायदा लागू नाही. त्यामुळे जाणता वकील सातबारा पाहिला की आधी जमीन बिनशेती असल्याचा पुरावा मागतो.

व्यक्तींनी घेतलेले कर्ज, गृहकर्जासह, पूर्ण फिटल्यावर मूळ दस्त ३० दिवसांत परत द्यावेत, बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. कर्जदाराने दस्त देतानाच त्यांची यादी मागून घ्यावी. परत घेताना ती एकेक कागदाशी ताडून पाहता येते.