१८६० ते ओटीपी: मंडळांच्या कागदपत्रांमागचं सगळं

इंदूरात राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, कुठेही जा, एखादं मराठी मंडळ सापडतंच. गणपती, कोजागिरी, नाट्यसंगीताची बैठक, छोटंसं वाचनालय, सगळं वर्गणीवर आणि चार माणसांच्या उत्साहावर चाललेलं. गेली तीन-चार वर्षं मी अशा मंडळांच्या सचिवांबरोबर बसून त्यांचे कागद लावून देतोय. बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे, पिशवीतून फाइल काढतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "अहो, इतकी वर्षं कुणी काही विचारलं नाही, आता दरवर्षी हे नवीन काय?" प्रश्न अगदी रास्त आहे, पण उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात १८६० ची. सत्तावनचा उठाव होऊन तीनच वर्षं झाली होती, तेव्हा सोसायटी रजिस्ट्रेशनचा कायदा आला, तोही विलायतेतल्या १८५४ च्या वाचनालयं आणि विद्वत्संस्थांसाठीच्या कायद्याच्या धर्तीवर. सात माणसं जमवा, उद्देश लिहा, नियमावलीची प्रत जोडा, जास्तीत जास्त ५० रुपये फी भरा, झालं. त्यानंतर वर्षातून एकदा, आमसभा झाली की चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी पाठवायची. हिशोब मागितलाच नव्हता! सरकारला एवढंच कळायला हवं होतं की संस्था चालवतंय कोण. "आम्ही आपसात बघून घेऊ" ही जी मंडळांची सवय आहे ना, तिचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

इंदूर तेव्हा होळकरांचं संस्थान, त्यामुळे इंग्रजांचा कायदा इथे आपोआप लागू होत नव्हता. मग १९४८ ला मध्य भारत झालं, १९५६ ला मध्य प्रदेश, आणि राज्यघटनेत सोसायट्यांचा विषय राज्यांच्या यादीत असल्यामुळे प्रत्येक राज्याने आपापली वाट धरली. म्हणूनच पुण्याच्या किंवा बडोद्याच्या नातेवाइकाला विचारून इथला फॉर्म भरू नका, त्यांच्याकडे हे काम चॅरिटी कमिश्नरकडे, आपल्याकडे फर्म्स अँड सोसायटीजच्या रजिस्ट्रारकडे. यात घोळ झालेले मी स्वतः पाहिलेत.

आपल्याकडचा खरा बदल म्हणजे १९७३ चा मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम. आजही इथे सगळे "सत्तावीस-अठ्ठावीस भरलं का" असंच विचारतात, म्हणजे कलम २७ खाली कार्यकारिणीची यादी आणि २८ खाली हिशोब. शिवाय चौकशीचा अधिकार आला, कार्यकारिणी बाजूला करून प्रशासक नेमायची सोय आली, संस्थेची जागा विकायची तर रजिस्ट्रारची लेखी परवानगी आली. कायदा पन्नास वर्षांपेक्षा जुना, पण बऱ्याच मंडळांनी दहा-दहा वर्षं यादीच दिलेली नाही. कुणाची नियत वाईट होती म्हणून नाही हो, ते काम बघणारे काका गेले आणि प्रोसीडिंग बुक त्यांच्या कपाटातच राहिलं.

आणि योगायोग बघा, इन्कम टॅक्सचं १२ए कलमसुद्धा १ एप्रिल १९७३ पासूनचंच. सूट हवी तर रजिस्ट्रेशन करा. पण एकदा सर्टिफिकेट मिळालं की ते कायमचं, कित्येक ठिकाणी ते फ्रेम करून गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलेलं असायचं. गडबड झाली ती इथे. २०२० च्या फायनान्स अ‍ॅक्टने ते कायमपण काढून टाकलं, कोविडमुळे अंमल १ एप्रिल २०२१ वर गेला, आणि जुन्या सगळ्या संस्थांना १२एबी खाली पाच वर्षांसाठी नव्याने नोंदणी करायला सांगितलं. तारीख कितीदा तरी वाढली, शेवटी ३० जून २०२४ पर्यंत. इतक्यांदा वाढली की लोकांना वाटलं अजून वाढेल, आणि ज्यांच्या भिंतीवर फ्रेम होती त्यांना तर आपलं काही बाकी आहे हेच माहीत नव्हतं.

हे का गंभीर, तर इन्कम टॅक्सचंच कलम ११५टीडी. २०१६ मध्ये आलेलं हे कलम २०२३ मध्ये आणखी कडक झालं, नोंदणीचा अर्ज वेळेत केला नाही तरी मंडळाच्या निव्वळ मालमत्तेवर, तीही बाजारभावाने धरून, सर्वात वरच्या दराने टॅक्स लागू शकतो. आता विचार करा, चाळीस वर्षांपूर्वी सभासदांनी शंभर-शंभर रुपये जमवून घेतलेली छोटीशी जागा, तिचा आजचा भाव काय असेल, आणि बँकेत शिल्लक किती! त्या जागेसाठी राबलेली माणसं आठवली की मला हे सोडून बसवत नाही.

थोडा दिलासाही मिळालाय, १ ऑक्टोबर २०२४ पासून खरं कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार इन्कम टॅक्स कमिश्नरना आहे, आणि २०२५ च्या बदलाने ज्या संस्थांचं उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींच्या आत आहे त्यांना पाचऐवजी दहा वर्षांची नोंदणी मिळू शकते. आपली मंडळं ५ कोटींच्या कुठे जवळपासही नाहीत, म्हणजे हे त्यांच्यासाठीच आहे, पण त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. त्यातून इन्कम टॅक्सचा कायदाच १ एप्रिल २०२६ पासून नवा, म्हणजे कलमांचे नंबर बदलले, जुन्या फाइलींवरचे आकडे आता जुळणार नाहीत.

म्हणून कुणी फाइल घेऊन आलं की मी आधी कायदा काढत नाही. पोर्टलवर मोबाइल नंबर कोणाचा आहे ते बघतो, कारण बऱ्याचदा तो वारलेल्या खजिनदारांचा असतो आणि ओटीपी जातो बंद पडलेल्या सिमवर. मग पॅन, पासबुक, नियमावलीची मूळ प्रत, शेवटच्या आमसभेचा ठराव. गेल्या महिन्यात एका मंडळाची नियमावली सापडली ती हार्मोनियमच्या पेटीत, टाइप केलेली, खाली सातही जणांच्या सह्या. त्यातले एकच आता हयात आहेत, त्यांच्या घरी जाऊन बसलो तर म्हणाले, "अरे, हे मीच टाइप केलं होतं." पुढच्या रविवारी ते स्वतः येणार आहेत, नातीला आणि लॅपटॉप घेऊन.