सीमा नेमकी कधी आली? बंगालच्या सीमाभागातील मौखिक आठवणींची पार्श्वभूमी

कागदोपत्री बंगालच्या सीमेचा, म्हणजे फाळणीत भारत आणि पूर्व पाकिस्तान (आताचा बांगलादेश) यांच्यात आखलेल्या रेषेचा, जन्मदिवस ठरलेला आहे. ब्रिटिश वकील सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले आणि त्यांच्या सीमा आयोगाचा निवाडा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाला. मात्र नदिया, मुर्शिदाबाद, दिनाजपूर किंवा कूचबिहारच्या सीमेलगतच्या गावांतील वृद्धांच्या आठवणी ऐकू लागले की ही तारीख क्वचितच कानी पडते. कोणाच्या लेखी सीमा पासपोर्टाबरोबर आली, कोणाच्या लेखी आगगाडी बंद झाली तेव्हा, तर कोणाच्या लेखी शेतात काटेरी तारेचे खांब रोवले गेले तेव्हा. ही स्मरणशक्तीची गफलत म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. परंतु सरकारी दस्तऐवज शेजारी ठेवून पाहिले तर सीमा खरोखरच हप्त्याहप्त्याने आली होती, आणि प्रत्येक जण आपल्या दाराशी पोहोचलेला हप्ता लक्षात ठेवून आहे, असे दिसते.

पहिला हप्ता निवाड्याचा. रॅडक्लिफ यांनी मुख्यतः पोलीस ठाण्यांच्या हद्दी धरून रेषा आखली. निवाडा उशिरा जाहीर झाल्यामुळे मुस्लिमबहुल मुर्शिदाबादेत १५ ऑगस्टला पाकिस्तानचा झेंडा लागला आणि हिंदूंची संख्या थोडी अधिक असलेल्या खुलन्यात भारताचा. दोनच दिवसांनी मुर्शिदाबाद भारतात आणि खुलना पाकिस्तानात गेल्याचे कळले. नदिया जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि कुष्टिया, चुआडांगा, मेहेरपूर हे भाग पलीकडे गेले. नदियातील काही गावांत आणि बालूरघाट परिसरात आजही १८ ऑगस्टला झेंडावंदन होते, ते या दोन-तीन दिवसांच्या संभ्रमामुळेच.

पण झेंड्यापलीकडे त्या आठवड्यात फारसे काही बदलले नाही. जमिनीवर खांब नव्हते, मोजणी व्हायची होती, आणि पद्मा व माथाभांगा या नद्यांच्या पात्रांवरून दोन्ही सरकारांत इतका वाद झाला की स्वीडिश न्यायाधीश आल्गोट बॅगे यांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण नेमावे लागले. त्याचा निवाडा १९५० साली आला. नदीकाठच्या शेतकऱ्याला तर तो निवाडाही पुरेसा नव्हता. पद्मा एका पावसाळ्यात एका काठाची जमीन खाते आणि दुसरीकडे गाळाचे बेट, म्हणजे चर, वर काढते. त्या चरावर नांगर कोणी धरायचा हा तंटा पूर्वी दोन जमीनदारांचा असे, तो आता दोन राष्ट्रांचा झाला.

मराठी वाचकाच्या मनात फाळणी म्हटले की पंजाब उभा राहतो आणि त्यामुळे बंगालचा हा संथपणा लक्षात येत नाही. पश्चिमेकडे लोकांची अदलाबदल काही महिन्यांत, प्रचंड रक्तपातात उरकली आणि जुलै १९४८ मध्ये तेथे ये-जा करण्यासाठी परवाना पद्धतही लागू झाली. पूर्वेकडे माणसे येत राहिली, काही परतही गेली. १९५० च्या दंगली, त्या वर्षी ८ एप्रिलला झालेला नेहरू-लियाकत करार, १९६४ च्या दंगली, १९७१ चे युद्ध अशा लाटा येत गेल्या. मधल्या काळात घर इकडे, बाजार तिकडे आणि मुलीचे सासर तिकडे अशी व्यवस्था बरीच वर्षे चालू राहिली.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला तो व्यापारात. ताग पूर्व बंगालच्या शेतांत पिकत होता आणि त्याच्या गिरण्या हुगळीच्या काठी होत्या. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि दोन्ही देशांचा व्यापार ठप्प झाला. ज्या घाटावरून ज्या होडीने जो माणूस वर्षानुवर्षे तागाचे भारे नेत होता, तोच त्याच होडीने कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरला. मीठ, रॉकेल, साखर, कापड, विड्या आणि पुढे गुरे यांची चोरटी ने-आण हा सीमाभागाच्या आठवणींतील कायमचा विषय आहे; फक्त सांगणारा ती शेजाऱ्याच्या नावावर सांगतो, स्वतःच्या क्वचित.

दुसरा हप्ता १५ ऑक्टोबर १९५२ चा. त्या दिवसापासून भारत आणि पूर्व पाकिस्तान यांच्यात ये-जा करण्यास पासपोर्ट आणि व्हिसा लागू लागले. मुदत संपण्याआधी ओलांडून घ्यावे म्हणून सीमेवर गर्दी लोटली. सीमेलगतच्या रहिवाशांसाठी व्हिसाचा वेगळा वर्ग ठेवला होता, कारण त्यांची ये-जा हा प्रवास नव्हता हे सरकारलाही ठाऊक होते. तरीसुद्धा कागद हा कागदच. आठवडी बाजाराला किंवा बहिणीच्या घरी जाण्यासाठी अर्ज, फोटो आणि शिक्का हवा, ही कल्पना जिल्ह्याचे गावही न पाहिलेल्या माणसाच्या गळी उतरणे कठीण होते, आणि म्हणूनच अनेकांच्या बोलण्यात ‘पासपोर्टच्या आधी’ आणि ‘पासपोर्टच्या नंतर’ असे काळाचे दोन भाग पडतात.

रेल्वेची कथा आणखी वेगळी आहे. कलकत्त्याहून कुष्टियाकडे जाणारा लोहमार्ग १८६२ साली सुरू झाला होता, आणि फाळणीपूर्वी दार्जिलिंग मेल सियालदहून निघून पद्मेवरचा हार्डिंज पूल ओलांडत, सांताहार, हिली, पार्वतीपूर, हल्दीबारी या वाटेने सिलिगुडीला पोहोचत असे. रेषा आखली गेली तेव्हा हा मार्ग दोन ठिकाणी तुटला. उत्तर बंगाल आणि आसामला भारताच्या रेल्वेशी जोडण्यासाठी घाईघाईने नवी जोडणी उभारावी लागली, ती १९५० मध्ये सुरू झाली. हिलीत तर रेल्वेचे रूळ पूर्व पाकिस्तानात गेले आणि रुळांना लागून असलेली वस्ती भारतात राहिली. गाडीची शिट्टी ऐकू यावी, डबे डोळ्यांसमोरून जावेत, पण त्या गाडीत बसण्यासाठी परदेशात जावे लागावे, असा हा प्रकार होता.

तरीही कलकत्त्याहून पलीकडे जाणाऱ्या गाड्या फाळणीनंतर अठरा वर्षे धावत होत्या. सियालदह ते खुलना धावणारी बरिसाल एक्सप्रेस त्यांतलीच एक. सप्टेंबर १९६५ च्या युद्धात त्या थांबल्या. कोलकाता ते ढाका मैत्री एक्सप्रेस सुरू झाली १४ एप्रिल २००८ रोजी, बंगाली नववर्षाच्या दिवशी. मधल्या सुमारे त्रेचाळीस वर्षांत एक अख्खी पिढी अशी वाढली, जिच्यासाठी पलीकडचे गाव फक्त आजीच्या बोलण्यात होते. १९६५ च्या डिसेंबरमध्ये सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली, आणि पोलीस चौकीच्या जागी जवानांची चौकी आली. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासित हीच सीमा ओलांडून भारतात आले. त्या वर्षाच्या आठवणी बहुधा शाळांत उघडलेल्या छावण्यांच्या, पटकीच्या साथीच्या आणि वाटून खाल्लेल्या भाताच्या असतात.

काटेरी तार त्यामानाने अगदी अलीकडची. बेकायदा स्थलांतराविरुद्धच्या आसाम आंदोलनानंतर १५ ऑगस्ट १९८५ रोजी झालेल्या आसाम कराराने कुंपणाच्या मागणीला सरकारी मान्यता दिली, पुढच्या वर्षी कुंपण मंजूर झाले आणि दशकाच्या अखेरीस ते उभे राहू लागले. सीमेची एकूण लांबी सुमारे ४,०९६ किलोमीटर आणि त्यांतील निम्म्याहून अधिक, सुमारे २,२१७ किलोमीटर, पश्चिम बंगालमध्ये आहे. दोन्ही देशांच्या १९७५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांच्या आत संरक्षणविषयक बांधकाम करता येत नाही, म्हणून कुंपण भारताच्या हद्दीत आत सरकले. परिणामी शेकडो गावांची शेते, आणि काही ठिकाणी घरेही, भारतातच पण तारेपलीकडे गेली.

या पट्ट्यातला दिवस फाटकाच्या वेळापत्रकावर चालतो. फाटक ठरावीक वेळी उघडते, शेतकरी ओळखपत्र चौकीवर जमा करतो, बैल, नांगर आणि डबा तपासून घेतो आणि आत जातो. संध्याकाळी फाटक बंद होण्याआधी परत येऊन ओळखपत्र ताब्यात घेतो. उंच वाढणारा ताग जवानांच्या नजरेआड येतो म्हणून अनेक ठिकाणी तो लावण्यास हरकत घेतली जाते, म्हणजे पीक निवडण्यातही तारेचा वाटा असतो. तारेपलीकडच्या घरात रात्री कोणी आजारी पडले, कोणी बाळंत होऊ लागले, तर आधी फाटक उघडून घ्यावे लागते. लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांची यादी आधी चौकीवर द्यावी लागते, हेही अशा गावांतले नेहमीचे सांगणे.

या सगळ्यापेक्षा विलक्षण आठवणी छिटमहालांच्या, म्हणजे चारी बाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेल्या भूभागांच्या आहेत. बांगलादेशात भारताचे १११ आणि भारतात बांगलादेशाचे ५१ तुकडे होते, अनुक्रमे सुमारे १७,१६० आणि ७,११० एकरांचे. कूचबिहारचे महाराज आणि रंगपूरचे नवाब बुद्धिबळात गावे पणाला लावत, त्यातून हे तुकडे झाले, अशी दंतकथा दोन्हीकडे हौसेने सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यांचे मूळ अठराव्या शतकाच्या आरंभी कूचबिहार राज्य आणि मुघल यांच्यात झालेल्या तहांत आहे. दंतकथा खोटी असली तरी ती टिकून का राहिली याचे उत्तर स्पष्ट आहे: आपली गावे कोणीतरी खेळात हरले, हे त्या लोकांना आपल्या परिस्थितीचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण वाटत असावे.

भारताने वेढलेल्या बांगलादेशी छिटात राहणाऱ्याकडे भारताचे मतदार ओळखपत्र नव्हते आणि बांगलादेशाचे मिळवायचे तर भारत ओलांडावा लागे, तो बेकायदेशीर. विजेच्या तारा शेजारच्या भारतीय गावापर्यंत येऊन थांबत. मुलाला शाळेत घालायचे तर शेजारच्या भारतीय गावातील एखाद्या ओळखीच्या माणसाचे नाव वडील म्हणून लावले जाई. रुग्णालयात बाळंतपणासाठी गेलेली स्त्री पतीचे नाव म्हणून असेच कोणाचे तरी नाव सांगे. त्यामुळे पुढे दाखला खरा, पण त्यावरचा बाप खोटा, अशी स्थिती अनेकांच्या वाट्याला आली.

१६ मे १९७४ च्या इंदिरा-मुजीब करारात देवाणघेवाण ठरली होती. बांगलादेशाच्या एका छिटाला त्या देशाशी जोडणारी तीन बिघा मार्गिका १९९२ मध्ये खुली झाली आणि २०११ मध्ये चोवीस तास वापरास मिळाली. त्याच वर्षीच्या संयुक्त गणनेत सर्व छिटांत मिळून ५१,५४९ लोक मोजले गेले. शंभराव्या घटनादुरुस्तीनंतर ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री छिटमहालांची देवाणघेवाण झाली. बांगलादेशातून सुमारे नऊशे लोकांनी भारतात येणे पसंत केले आणि ते दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबारी येथील तात्पुरत्या छावण्यांत राहिले. भारतातून पलीकडे कोणीही गेले नाही.

या आठवणी नोंदवण्याचे काम उशिरा सुरू झाले. मौखिक इतिहासाचे पहिले विद्यापीठीय केंद्र १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात निघाले, पण तेथे सुरुवातीला मुलाखती घेतल्या गेल्या त्या मोठ्या पदांवरच्या माणसांच्या. भारतात फाळणीच्या मौखिक साक्षी गोळा करण्याला १९८४ च्या दिल्लीतील शीखविरोधी हिंसेनंतर वेग आला आणि साहजिकच पंजाब पुढे राहिला. पुढे अमेरिकेतील बर्कलेहून चालणाऱ्या १९४७ पार्टिशन आर्काइव्हने दहा हजारांहून अधिक मुलाखती जमवल्या. अशा बहुतेक संग्रहांचा गाभा घर सोडून गेलेल्यांचा असतो. सीमेवरच राहिलेल्याला निर्वासिताइतका नाट्यमय प्रसंग सांगता येत नाही, त्यामुळे त्याच्याकडे ध्वनिमुद्रण यंत्र शेवटी पोहोचले.

तारखांचा प्रश्न मात्र केवळ विस्मरणाचा नाही. आसाम करारानुसार २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीनंतर आलेला माणूस परकीय ठरतो, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या आसामच्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीतून १९ लाखांहून अधिक नावे वगळली गेली. त्यामुळे ‘तुम्ही इकडे कधी आलात?’ हा मुलाखतीतील सर्वांत साधा प्रश्न सीमाभागात सर्वांत धोकादायक होतो. वृद्ध माणूस पावसाळा सांगतो, पिकाचे नाव सांगतो, कोणते मूल तेव्हा पोटात होते ते सांगतो आणि साल विचारले की समोर बसलेल्या मुलाकडे पाहतो. जाणते मुलाखतकार अशा ठिकाणी साल विचारण्याचा आग्रह धरत नाहीत, आणि ध्वनिमुद्रणाचा तो भाग सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय खुला करत नाहीत.