लेथवर डिस्क नेण्याची सवय कुठून आली : जुन्या मोटारीच्या ब्रेकची पार्श्वभूमी

ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरते, अशी तक्रार घेऊन जुनी मोटार मराठवाड्यातील एखाद्या गॅरेजमध्ये नेली, तर मिस्त्रींचा पहिला सल्ला बहुधा ‘डिस्क काढून लेथवर एक कट मारून घेऊ’ असाच असतो. म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची धातूची चकती (डिस्क) लेथ या कातकामाच्या यंत्रावर खरवडून सपाट करायची. हा सल्ला प्रत्येक वेळी चुकीचा असतो असे नाही. मात्र तो ज्या काळात रुजला, त्या काळातील ब्रेकची रचना आजच्यापेक्षा निराळी होती.

अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी आणि जीप या गाड्यांनी आपल्याकडचे रस्ते अनेक दशके व्यापले होते, आणि त्यांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत: चाकासोबत फिरणाऱ्या पोकळ ड्रमवर आतून ‘शू’ दाबून गाडी थांबवायची. ड्रम जाडजूड बिडाचा असे. तो आतून घासला, की लेथवर टर्न करून घ्यायचा, शूवर नवे लायनर (घासणारे अस्तर) रिव्हेट मारून बसवायचे आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची, ही पद्धत त्या परिस्थितीत रास्तच होती. कारण ड्रमच्या अंगात एक-दोनदा कट सोसण्याइतके लोखंड असे, आणि नवा ड्रम तालुक्याच्या गावी सहजी मिळत नसे. ड्रमलाही कमाल व्यासाची मर्यादा होतीच, पण ती मोजून पाहण्याची शिस्त फारशी रुजली नाही.

डिस्कची कल्पना मुळीच नवी नव्हती. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 साली तिचे पेटंट घेतले. त्यांच्या ब्रेकमध्ये धातूच्या चकतीवर तांब्याचे अस्तर घासत असल्याने कर्कश आवाज येई. पुढे हर्बर्ट फ्रूड यांनी अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर वापरात आणल्यावर हा आवाज आटोक्यात आला. (आरोग्याला घातक ठरल्यामुळे अ‍ॅस्बेस्टॉस नंतर पॅडमधून (डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या अस्तराच्या तुकड्यांतून) हटू लागले; तरीही जुन्या ब्रेकवरची धूळ हवेच्या झोताने उडवू नये ती याच कारणासाठी.) डिस्क खऱ्या अर्थाने नावारूपाला आली ती 1953 च्या फ्रान्समधील ल मान्स येथील 24 तासांच्या शर्यतीत. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप तेथे पहिली आली. दोनच वर्षांनी, 1955 साली, सित्रोएन डीएस ही पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक असलेली गाडी मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात उतरली.

एवढा उशीर का लागला, याचे उत्तर ब्रेकच्या कार्यपद्धतीत आहे. ड्रममध्ये फिरत्या ड्रमच्या ओढीने पुढचा शू आपोआप अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे पायाचा जोर कमी लागतो. डिस्कला ही मदत मिळत नाही. तिला जास्त दाब द्यावा लागतो, म्हणून व्हॅक्यूम बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या उपकरणाची, जोड आवश्यक ठरली. डिस्कचा मोठा फायदा उष्णतेच्या बाबतीत आहे: तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो व ब्रेकचे पेडल खोल जाते, तर तापलेली डिस्क जाड होऊन पॅडच्याच दिशेने फुगते आणि उघडी असल्याने लवकर निवते. कन्नडचा औट्रम घाट भर उन्हाळ्यात माणसांनी भरलेल्या गाडीतून उतरताना हा फरक पायालाच कळतो.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मारुती 800 सारख्या छोट्या गाड्यांमुळे पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही मांडणी मध्यमवर्गाच्या दारात आली. त्याच दशकात छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) वाळूजची औद्योगिक वसाहत उभी राहत होती, आणि आज दुचाकींच्या डिस्क ब्रेकचे उत्पादन करणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचे मुख्यालय तेथेच आहे. ज्या भागात ब्रेकचे भाग घडतात, तेथील गॅरेजांत मात्र मापाचे काम नजरेवर भागवले जाते, ही विसंगती मला खटकते.

डिस्कच्या बाबतीत नजर पुरत नाही. डिस्कवर किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये किमान जाडी दिलेली असते, आणि नव्या डिस्कची जाडी तिच्यापेक्षा साधारणपणे दोनेक मिलिमीटरच अधिक असते. पॅड जेथे घासत नाही तेथे, कडेला, उभा काठ राहतो. त्याला नख अडकले, की झीज किती झाली याचा अंदाज येतो, पण निर्णय मायक्रोमीटरने (बारीक जाडी मोजण्याच्या साधनाने) पाच-सहा ठिकाणी जाडी मोजूनच घ्यावा लागतो. वर्षानुवर्षांच्या वापराने यातले बरेचसे लोखंड आधीच गेलेले असते, आणि लेथवरचा एक कट उरलेलेही नेतो. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, लवकर तापते आणि तडकण्याचा धोका वाढतो.

शिवाय थरथरण्याचे कारण अनेकदा डिस्क वाकणे हे नसतेच. जाडीतला शतांश मिलिमीटरमधला फरक, पॅडच्या द्रव्याचे डिस्कवर बसलेले डाग, हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) तोंडावरचा गंज किंवा चाकाच्या नटांचे असमान आवळणे यांनीही तेच लक्षण दिसते. म्हणून नवी डिस्क बसवण्याआधी हबचे तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करावे, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना मोकळ्या सरकतात का ते पाहावे, आणि नट एकाआड एक, ठरलेल्या जोराने आवळावेत. डिस्क एकाच चाकाची न बदलता पुढच्या दोन्ही चाकांची जोडीने बदलावी आणि पॅडही नवे घालावेत. नाहीतर गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओकडे तपासणीला न्यावीच लागते, त्याआधी हे मोजमाप करून घेणे सोयीचे ठरते.